दुधावर आडवा चमचा

पातेल्यावर लाकडी चमचा आडवा ठेवला की दूध उतू जात नाही, असा एक व्हिडिओ ताईने घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आईसाठी." हल्ली आई दूध तापत ठेवते आणि विसरते.

असल्या व्हिडिओंचा मला राग येतो. त्यात सगळं कसं अर्ध्या मिनिटात सुटतं! म्हणून आज स्वतःच करून बघतोय. खरं तर बाहेर जाऊन बसायला हवं. समोर उभं राहिलं तर परीक्षा कसली? दारापर्यंत जातो आणि परत येतो. हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो, तो मागे घेतो.

फेस चढला, चमच्याला टेकला आणि चक्क खाली बसला. पुन्हा चढला, पुन्हा बसला.

तेवढ्यात आई आली. "रथसप्तमीला अंगणात मुद्दाम उतू घालवायचो रे आपण, सूर्यासाठी." गोवऱ्यांचा धूर, मातीचं बोळकं, दूध कुठल्या दिशेला सांडलं, सगळं तिला लख्ख आठवत होतं. मग पातेल्याकडे बघून दचकली. "अगंबाई, हे मी ठेवलं होतं?"

"नाही गं, मी ठेवलंय."

"बरं," म्हणाली, पण तिथेच उभी राहिली.

उतू गेलेलं निदान दिसतं, त्याचा वास येतो. आटणं मात्र गुपचूप चालू असतं. चमच्याखाली दूध आटतच होतं. आम्ही दोघंही बघत होतो, आणि गॅस बंद करायला शेवटी मलाच पुढे व्हावं लागलं.