उभ्या गाडीची बॅटरी

भिवाच्या सदऱ्याला पोटाजवळ नेहमी बारीक भोकं असत. बॅटरीतल्या ॲसिडची. त्याची बायको चंपा ठिगळं लावून थकली होती. लालबागला आमच्या चाळीत, जिन्याखालच्या खोपटात, तो मोटारींच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायचा. शिक्षण चौथीपर्यंत. पण बॉनेट उघडलं की आधी हात लावत नसे; नुसता वास घ्यायचा.

छप्पनच्या जानेवारीत रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. लगेच गिरणगावात गोळीबार सुरू झाला, कर्फ्यू लागला. चंपाचे दिवस भरले होते. पहिलं मूल घरीच, सुईणीच्या हातात गेलं होतं. या खेपेला हॉस्पिटलातच न्यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. रस्त्यावर पाऊल टाकायची सोय नव्हती. कर्फ्यूचा पास होता एकाच गाडीला, चाळीच्या चौकातल्या दूधवाल्याच्या पिकअपला. आणि तीच सुरू होत नव्हती.

काल हँडल मारून कशीबशी पेटली आणि लगेच बंद पडली होती. आज तेही नाही; बॅटरी इतकी उतरली होती की प्लगला ठिणगीच पोचत नव्हती. ढकलावी तर पाचजण हवेत, आणि पाचजण एकत्र दिसले की नाक्यावरचा शिपाई बंदूक उचलत होता.

सकाळी भिवा बॉनेटखाली वाकला. ड्रायव्हर लवू, मूळचा मालवणकडचा, बाजूला उभा होता.

"दिवे बंद? चावी काढलीस?"

"सगळा बंद आसा."

भिवाने बॅटरीची एक तार सोडवली आणि परत टेकवली. बारीकशी निळी ठिणगी उडाली.

"सगळं बंद, मग हा करंट कोण खातंय रे? तुझा शेठ?"

लवू हसला नाही. तो धावत केबिनमध्ये शिरला आणि त्याने डॅशबोर्डचा खण उघडला. भिवाने मागून डोकावलं. आत देवीची तसबीर होती आणि तिच्यापुढे एक लाल बल्ब, विझत्या निखाऱ्याएवढा. त्याची तार परस्पर बॅटरीला जोडलेली होती.

"इझवलंस तू तो! आता तार काढलंस तेवा इझलो मा!"

लवूचा धाकटा भाऊ धोंडू. नोव्हेंबरच्या मोर्चात त्याच्या पोटात गोळी लागली होती. तो अजून हॉस्पिटलात होता. तो घरी येईपर्यंत हा दिवा विझू द्यायचा नाही, असा लवूचा नवस होता.

"दोन म्हयने जळता तो. इवलोसो बल्ब, तेका किती करंट लागतलो?"

"अर्धा अँपिअर. दिवसाला बारा अँपिअर-तास. गाडी रोज धावायची तेव्हा डायनॅमो ते भरून काढायचा. आता दूधच येत नाही, चार दिवस उभी आहे ती. नुसतं जातंय, येत काहीच नाही." भिवाचा आवाज खाली आला. "लवू, खोपटात दुसरी भरलेली बॅटरी नाही. हीच काढून चार्जिंगला लावायला हवी. तीन तास तरी."

"दिवो इझलो तर माझ्या धोंडूचा काय होतला?"

"तो विझतोच आहे रे. असाच ठेवलास तर संध्याकाळपर्यंत दिवाही जाईल आणि गाडीही."

लवू खणावर हात ठेवून तसाच बसून राहिला. भिवा पुढे झाला नाही. पाना त्याच्या हातात होता, तरीही.

वरच्या मजल्यावरून चंपाचं ओरडणं ऐकू आलं. मग शेजारच्या रमाबाईंचं: "अरे भिवा, कळा सुरू झाल्या हिच्या!"

लवूने तसबिरीला हात जोडले आणि बल्ब पिळून बाहेर काढला. तो गरमही नव्हता.

भिवाने बॅटरी खोपटात नेली. लालबागच्या नाक्याकडून दोनदा गोळीबाराचे आवाज आले. कोणी खिडकी उघडली नाही. दुपारी एक वाजता त्याने बॅटरी परत बसवली. स्टार्टर एकदा अडखळला, दुसऱ्यांदाही अडखळला, आणि मग इंजिन सुरू झालं. रमाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून चंपाला मागे निजवलं.

"पोचल्यावर इंजिन बंद करू नकोस," भिवा म्हणाला. "बंद केलंस तर परत लागेल याचा भरवसा नाही."

धोंडू होता त्याच हॉस्पिटलात चंपाला थेट आत घेतलं. थोड्या वेळाने भिवा बाहेर आला.

"नर्सबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत. तू जा, धोंडूला बघून ये. मी बसतो गाडीत."

लवूचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"इंजिन चालू आसा. सोडून कसो जाव?"

"अरे, मी आहे ना इथे."

"नको. मी हंयच बरो."

धोंडूच्या वॉर्डाच्या खिडक्या समोरच होत्या. खणातला दिवा विझलेलाच होता; लवू मान वर करीत नव्हता. इंजिन धडधडत राहिलं, आणि तो उतरला नाही.