ऑनर्सच्या निबंधातली मुलगी

"आमच्या स्वयंपाकघरात एक मुलगी बसायची. तिने कधी पुस्तक हातात धरलं नव्हतं. तिचं नाव लक्ष्मी."

साहेब मोठ्याने वाचत होते. इंग्रजीत. निबंध त्यांच्या मुलीचा, सानिकाचा. अमेरिकेतल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या ऑनर्स प्रोग्रामसाठी लिहिलेला. आम्ही बारावीची सात-आठ मुलं त्यांच्या बंगल्यात गालिच्यावर बसून ऐकत होतो. पुढे सानिका लक्ष्मीला एकेक अक्षर कशी शिकवते ते होतं. लक्ष्मीच्या अडाणी आईचे डोळे कसे भरून येतात ते होतं. शेवटी लक्ष्मी आपलं नाव लिहिते आणि सानिकाला आयुष्याचा अर्थ कळतो.

स्वयंपाकघरात माझी आई कांदा चिरत होती. सुरीचा आवाज मला ऐकू येत होता.

लक्ष्मी म्हणजे मी. आणि मी समोरच बसले होते.

मी चौथीपासून सानिकाच्याच शाळेत होते. गेली दोन वर्षं एकाच वर्गात. कॅल्क्युलस आम्ही दोघींनी त्याच बंगल्याच्या पायऱ्यांवर बसून सोडवलेलं. आणि माझी आई अडाणी नव्हती. महाडजवळच्या एका गावातून दहावी पास झालेली. लग्नानंतर बाबांबरोबर मस्कतला आली, आणि तिथे तिच्या दहावीला कोणी विचारलं नाही.

वाचून झालं. साहेबांनी चष्मा काढला. "ह्याला म्हणतात ऑनर्सचा निबंध," ते म्हणाले. पोरं माझ्याकडे बघत होती. सगळ्यांना माहीत होतं आत कोण आहे. सानिका गालिच्याच्या झालरीशी खेळत होती. तिने मान वर केली नाही.

काकू, सानिकाची आई, माझ्याकडे बघून हसल्या. "तुला वाईट नाही ना वाटलं? नाव बदललंय गं."

मी मान हलवली. नाही म्हणून. आजही ती मान हलताना मला दिसते, जणू दुसऱ्याच कुणाची.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता तो. बाबा एका मेंटेनन्स कंपनीत एसी मेकॅनिक होते. साहेब त्याच कंपनीत फार वर. कागदोपत्री कंपनी अर्बाबची, ओमानी मालकाची. पण कुणाचा व्हिसा वाढवायचा आणि कुणाला घरी पाठवायचं, ते साहेब सुचवत. आम्ही दार्सैतला दोन खोल्यांत राहायचो. साहेब मदिनत सुलतान काबूसला, बोगनवेलीच्या बंगल्यात. आई त्यांच्याकडे कामाला जायची. आमचं आडनाव ऐकल्यावर आमच्याकडच्या माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही. काकूंनी पहिल्याच दिवशी आईला सांगितलं होतं, "परदेशात आम्ही असलं काही मानत नाही हं." आईने ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं होतं. हसली नव्हती.

साहेब स्वतः अमेरिकेतल्या स्टेट युनिव्हर्सिटीत शिकलेले. म्हणून गुरुवारी संध्याकाळी ते ओळखीच्या मुलांना बोलवून कुणाचे चान्स किती ते सांगत. मला सानिका घेऊन गेली होती. त्या दिवशीही निबंधानंतर त्यांनी एकेकाला समोर घेतलं.

"ह्या युनिव्हर्सिट्यांचं पोट मोठं असतं," ते म्हणाले. "हजारोंनी मुलं घेतात. नुसतं आत जाणं कठीण नाही. पण त्या गर्दीच्या पोटात एक छोटं कॉलेज असतं, ते ऑनर्स. लहान वर्ग, चांगले प्रोफेसर, वेगळं होस्टेल. तिथे माणूस पारखून घेतात."

कुणाला म्हणाले, तुला नक्की. कुणाला म्हणाले, युनिव्हर्सिटी मिळेल, ऑनर्स विसर. एका डॉक्टरांच्या मुलाचे मार्क कमी होते. त्याला म्हणाले, "तुझा मामा तिकडे प्रोफेसर आहे ना? बोलून ठेवू." मग माझ्यापाशी थांबले. माझा एसएटीचा, तिकडच्या प्रवेशपरीक्षेचा, स्कोअर सानिकापेक्षा वर होता. तो त्यांनी विचारला नाही.

"तुम्हाला तिकडे इंडियात जागा ठेवलेल्याच असतात की," ते म्हणाले. "तू इथे कशाला गर्दी करतेस?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कुणीतरी वड्यांची बशी पुढे केली. वडे आईने तळलेले. मी एक उचलला. तो हातात तसाच गार झाला.

टॅक्सीत आई खिडकीकडे बघत होती. रुवीचे दिवे दिसायला लागले तेव्हा बोलली.

"मला कळलं काय वाचत होते ते."

"काय कळलं, आई?"

"मेड. इलिटरेट. एवढं इंग्रजी येतं मला."

मग ती टॅक्सीचे पैसे मोजायला लागली.

त्यानंतर लक्ष्मी माझ्या मागे लागली. मी माझा निबंध लिहायला बसायची. 'माझे वडील' असं लिहिलं की पुढचं वाक्य तिचं यायचं. दयेचं. डोळे भरून आलेलं. खोडायची, पुन्हा लिहायची, पुन्हा तीच. वर्गात कुणीतरी मागून हळूच हाक मारायचं, "लक्ष्मी." फळ्यापाशी जाऊन गणित सोडवताना मला वाटायचं, हे मी सोडवते आहे की सानिकाने मला शिकवलंय? सानिका माझ्या शेजारी बसायची बंद झाली. मी तिच्याकडे बघितलं की ती पुस्तकात डोकं घालायची. आणि साहेबांचा आवाज. कशाला गर्दी करतेस. केस विंचरताना, बाथरूमच्या नळाखाली, प्रार्थनेच्या रांगेत. मी स्वतःला त्यांच्याच तराजूत तोलायला लागले होते. मी स्वतःला म्हणायची, खरंच, तुझे काय चान्स?

मग एका दुपारी काकू आमच्या घरी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हलव्याचा डबा घेऊन. बाबा नुकतेच कामावरून आले होते, अंगाला कॉम्प्रेसरच्या तेलाचा वास. ते उभेच राहिले. काकू खुर्चीवर टेकल्या.

गोष्ट अशी होती. ऑनर्सवाल्यांना समाजसेवेचा दाखला लागत होता. शाळेतल्या मिस म्हणत होत्या, खात्री केल्याशिवाय मी दाखला देणार नाही, त्या मुलीच्या आईला माझ्याकडे घेऊन या.

"सुमन, तू फक्त यायचं," काकू आईला म्हणाल्या. "आणि हो म्हणायचं. माझ्या मुलीला हिने शिकवलं, बस. मुलगी कोण ते सांगायचंच नाही. गावाला गेली म्हणायचं." मग माझ्याकडे वळून, "साहेब तुझ्यासाठीही शिफारस लिहितील. मग बघ तुझे चान्स कसे वाढतात."

बाबा म्हणाले, "बघतो मॅडम."

त्या गेल्यावर बाबा बराच वेळ हात धूत बसले. मी मोरीच्या दाराशी उभी होते.

"एक हो तर म्हणायचंय," ते म्हणाले. "जीव नाही जात."

"तुमचा जात नसेल."

ते माझ्यावर ओरडले नाहीत. हात पुसत म्हणाले, "व्हिसा माझा आहे, पोरी. तुझा, आईचा, माझ्याच पासपोर्टाला लटकलाय. तो गेला की आपण सगळे गेलो." त्यांचं खरं होतं. तेच तर वाईट होतं.

आईला मी विचारलं, तू जाणार? ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

ती गेली. काकूंच्या गाडीतून.

फिजिक्सचा तास चालू होता. खिडकीतून मला व्हरांड्यात आई दिसली. ठेवणीतली निळी साडी नेसलेली. लग्नकार्याला नेसायची ती. काकूंच्या दोन पावलं मागे चालत होती. दोघी मिसच्या खोलीत शिरल्या. दार अर्धं उघडं राहिलं.

मी काही ठरवलं नव्हतं. पाय उठले. सरांनी विचारलं, "कुठे?" मी उत्तर दिलं नाही.

दारातून मी बघितलं. काकू खुर्चीवर. सानिका खुर्चीवर. तिसरी खुर्ची रिकामी. आई उभी. मिस, आमच्या इंग्रजीच्या, केरळच्या, हिंदीत आईला विचारत होत्या, "आपकी बेटी अभी कहाँ है?"

आईने तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिचा तो उघडा राहिलेला ओठ. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून गेलेलं नाही. कधी भर दुपारी, रस्ता ओलांडताना, ते समोर येतं आणि मी तिथेच थांबते.

मी आत गेले. न विचारता.

"व्हाय आर यू आउट ऑफ क्लास?" मिस म्हणाल्या.

"मिस, ही माझी आई," मी म्हणाले. "ती मुलगी मी आहे."

मिसना आधी कळलंच नाही. दोन वर्षं त्या मला शिकवत होत्या. माझे निबंध वर्गात वाचून दाखवायच्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सानिकाकडे बघितलं, समोरच्या कागदांकडे बघितलं.

"हिने तुला वाचायला शिकवलं?"

"नाही मिस."

काकू उठल्या. मराठीत, दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुझ्या बाबांचा विचार कर." मी त्यांच्याकडे वळले. तेवढ्यात आई बोलली. मिसकडे बघून, तिच्या तुटक्या हिंदीत.

"मेरी लडकी को इन्होंने नहीं सिखाया. स्कूल ने सिखाया. आपने सिखाया. और मैं दसवी पास है."

मग तिने रिकामी खुर्ची ओढली आणि बसली.

सानिका रडायला लागली. काकू तिला धरून बाहेर घेऊन गेल्या. मिसनी दाखला दिला नाही. मला म्हणाल्या, "गो टू क्लास." त्यांच्या आवाजात काय होतं, राग की आणखी काही, मला आजही सांगता येणार नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लवकर झालं.

आईचं काम त्याच दिवशी खलास. तिची बंगल्यावर राहिलेली चप्पल आणि एक ओढणी ड्रायव्हरने पिशवीत घालून आणून दिली. महिन्याभरात बाबांची बदली मस्कतपासून लांब निझव्याला, साइटवर. ते आठवड्यातून एकदा यायचे, अंगावर धूळ घेऊन. जेवायचे, झोपायचे. एकदा म्हणाले, "बोललीस ते बरोबर बोललीस. पण मला आधी सांगायला हवं होतंस. मीही आलो असतो." मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते खरंच आले असते का, मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नसावं. वर्ष संपताना कंपनीने व्हिसा वाढवला नाही. कारण सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

सानिकाचं काय झालं? काही नाही. तिने नवा निबंध लिहिला. समुद्रकिनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवांवर. तिला ऑनर्स मिळालं. कासवं काही बोलायला येत नाहीत.

मीही अर्ज केला होता. लक्ष्मीला हाकलून, आईने खुर्ची ओढली त्या दिवसावर लिहून. युनिव्हर्सिटी मिळाली. ऑनर्सही. परदेशी मुलीला देण्यासारखी पैशांची मदत मात्र त्यांच्याकडे नव्हती. चान्स मोजायला बसलेल्या साहेबांनी ही गोष्ट मला सांगितली नव्हती. त्यांच्या घरात तो प्रश्न कधी आलाच नसेल.

मी मुंबईला आले, आत्याकडे. कॉलेजच्या खिडकीवर कारकुनाने विचारलं, ओपन की राखीव? मागे मोठी रांग. मला गालिचा आठवला. तुम्हाला जागा ठेवलेल्याच असतात. आणि त्या क्षणी मला लख्ख दिसलं. डॉक्टरांच्या मुलाचा मामा, त्याला काय म्हणायचं? ज्यांच्या निबंधाला बाप शिकवायला असतो, मार्क कमी पडले तर फोन करायला माणूस असतो, लिहायला विषय म्हणून मोलकरीण असते, त्यांच्या जागा कोणी ठेवल्या? त्यांच्या राखीव जागेला चांगलं नाव आहे, एवढंच. ऑनर्स.

मी माझी जात मोठ्याने सांगितली. रांगेला ऐकू जाईल अशी. कारकुनाने वर बघितलं. मी खाली बघितलं नाही.

संख्याशास्त्र शिकले. आता शिकवते. बाबा गावी असतात, आईला गुडघ्यांचा त्रास आहे. आवाज अजून येतो. वर्गात शिरताना कधी कधी, दाराच्या मुठीवर हात असताना. कशाला गर्दी करतेस. तो येतो, मी मूठ फिरवते आणि आत जाते. तो जाईल अशी वाट बघणं मी सोडून दिलंय.

मध्ये सानिकाची ईमेल आली. अमेरिकेतूनच. ती तिथेच स्थायिक झाली आहे. लांबलचक लिहिलं होतं. आपण लहान होतो, आईबाबांच्या दबावाखाली होते, तुझी खूप आठवण येते. शेवटी एक प्रश्न होता. "ते सगळं तू विसरली असशील ना?"

मी उत्तरात एकच शब्द लिहिला. नाही.

तिला वाटलं असेल, ही अजून चिडलेली आहे. चिडलेली नाही मी. पण विसरणं ही त्यांची सोय आहे. ती मी करून देणार नाही.