सामनेवाल्या सिंधूआक्का

बातमी आली तेव्हा मी नाशिक रोडला धाकट्या बहिणीकडे होतो, डोळ्याचं ऑपरेशन करून काळा चष्मा लावून बसलेला. फोन मनीषाचा, सिंधूआक्कांच्या मुलीचा. "सर, आई गेली... सकाळी फुलं तोडून आली, चहा घेतला, ओट्यावर टेकली ती टेकलीच." मी तिला काय बोललो ते आठवत नाही. दुपारी माझ्या वकिलांचा फोन आला. म्हणाले, "सर, अपिलार्थी मयत झाल्याचं कळलं. आता आपण गप्प बसायचं. वारसांनी मुदतीत अर्ज दिला नाही तर अपील आपोआप संपतं, आणि रस्ता आपला." माणूस वाईट नाही, त्यांचं कामच ते. पण मी इतका भडकलो की बहिणीने फोन काढून घेतला. जिच्याशी इतकी वर्षं दावा चालला ती बाई गेल्यावर मला पोरकं वाटतंय, हे वकिलांना कुठल्या कलमाखाली सांगणार?

आमचं गाव गिरणाऱ्याच्या पुढे, हरसूल रस्त्याला. आक्कांचं शेत डांबरीला लागून, सगळा झेंडू. माझं त्यांच्या मागे. मास्तरकी संपल्यावर मी तिथे टोमॅटो आणि घेवडा करायला लागलो, आणि माल बाहेर काढायचा तर आक्कांच्या बांधावरूनच. त्यांनी एक दिवसही अडवलं नाही. मग दावा कशाचा? तर मला ती वाट कागदावर हवी होती. आक्का आहेत तोवर ठीक, पण त्यांच्या पश्चात कोण कसं वागेल याचा काय नेम? हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "वापरा की वाट, कोण नाय म्हणतंय? पण लिहून मागू नका. कागदावर रस्ता लागला की उद्या तुमची पोरं मागचं रान इकणार, आन् माझ्या झेंडूतून डंपर जाणार. तुमचा भरवसा हाय मला. तुमच्या मागच्यांचा नाय." म्हणजे दोघांचं भांडण एकमेकांशी नव्हतंच, एकमेकांच्या वारसांशी होतं. मी तहसीलदारांकडे रस्त्याचा अर्ज टाकला. मी झालो अर्जदार, आक्का सामनेवाल्या.

पहिल्या तारखेला मी एसटीची वाट बघत फाट्यावर उभा होतो. आक्कांची पिकअप येऊन थांबली, मागे झेंडूची कॅरेटं, मनीषा चालवत होती. आक्कांनी आतून हाक दिली, "सर, बसा. तुम्ही बी तिकडंच चाललाय ना?" मी संकोचलो. त्या म्हणाल्या, "दावा हापिसात लागलाय, गाडीत नाय." फुलबाजारात माल उतरवायचा, तिथेच मिसळ खायची आणि मग कचेरी गाठायची, असा जो शिरस्ता पडला तो शेवटपर्यंत. माझे वकील हैराण व्हायचे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तुम्ही सामनेवाल्यांच्याच गाडीतून उतरता, मी आत काय तोंडाने भांडू?" स्थळपाहणीला मंडळ अधिकारी आले तेव्हा तर कहर झाला. वाटेची रुंदी मोजायची होती, पंच अजून चहाच पीत होते, म्हणून टेपचं दुसरं टोक आक्कांनीच धरलं. वर मला दटावलं, "सर, ताणून धरा, ढिलं सोडलं तर तुमचंच नुकसान."

पुढे निकाल माझ्या बाजूने लागला. आक्कांनी प्रांतांकडे अपील केलं, आदेशाला स्थगिती आणली आणि गाडीत बसताना खुशीत म्हणाल्या, "आता तुम्ही सामनेवाले!" त्या काळातही माझे टोमॅटो त्यांच्याच बांधावरून बाहेर पडत होते, हे सांगायलाच हवं. कचेरीतली भाषा मात्र त्यांना अशी काही लागली की विचारू नका. मनीषाला एखादं स्थळ सांगून आलं की, "निकालावर ठेवलंय." भिशीच्या बायका घरी आल्या आणि चहाला दूध नसलं की, "आजचा चहा तहकूब." जावेने कुणाची चुगली आणली तर तिला हातानेच थांबवायच्या, "एकतर्फी नको. तिला बी बोलव." मी एकदा मास्तरी थाटात त्यांना नैसर्गिक न्यायाचं तत्त्व समजावलं. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही, वगैरे. आक्का म्हणाल्या, "मला लगीन करून इथं आणली तव्हा ह्यो कायदा नव्हता वाटतं."

एक तारीख मी चुकवली. माझी बायको, सुमन, तेव्हा दवाखान्यात होती आणि माझं कशातच लक्ष नव्हतं. वकीलही नेमके दुसऱ्या कोर्टात अडकलेले. शिपायाने पुकारा केला, आमच्या बाजूने कुणीच नाही. सामनेवाला गैरहजर लिहून प्रांतांनी आक्कांचं एकतर्फी ऐकून घेतलं असतं, म्हणजे त्यांना मैदान मोकळं. आक्का उठून साहेबांना म्हणाल्या, "साहेब, सरांची मंडळी लय आजारी हाय. त्यांच्या माघारी मी काय बोलायची नाय. पुढली तारीख द्या." साहेबांनी विचारलं, "आजी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?" "मी अपिलार्थी हाय," आक्का ठसक्यात म्हणाल्या. हे सगळं मला मनीषाने सांगितलं. आक्का स्वतः कधी बोलल्या नाहीत.

सुमन त्या आजारातून उठली नाही. त्यानंतर मी घराबाहेर पडेनासा झालो. शेत वाट्याने देऊन टाकावं असंच मनात होतं. मुलगा पुण्याहून फोन करायचा, त्याचं एकच, "बाबा, रस्त्याची नोंद झाली की विकून टाकू आणि तुम्ही इकडेच या." आक्कांना डंपर दिसायचे ते काही उगाच नाही! एका सकाळी दारात हॉर्न वाजला. दाढी वाढलेली, अंगात बंडी, असा मी बाहेर आलो. आक्का खिडकीतून म्हणाल्या, "तारीख हाय. आंघोळ करा, आम्ही थांबतो." समाचाराला आलेल्या लोकांनी मला पुष्कळ काही ऐकवलं होतं, आत्मा आणि काय काय. आंघोळ करा असं कुणी म्हटलं नव्हतं. मी आंघोळ केली आणि गाडीत जाऊन बसलो. त्या दिवशीही तहकूबच झालं. पण मी मिसळ खाल्ली, आणि सुमन गेल्यानंतर पहिल्यांदाच जेवल्यासारखं वाटलं.

तर आक्का गेल्या. दहाव्याला मी मनीषाला बाजूला घेऊन सांगितलं, "वारसाचा अर्ज मुदतीत दे. विसरू नकोस." तिने दिला. माझे वकील त्यावर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. गेल्या आठवड्यात तारीख होती. नवीन आलेल्या प्रांत मॅडमनी कागद चाळले, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वाट फक्त शेतीच्या वापरासाठी. मागची जमीन बिनशेती झाली की हक्क संपेल. अशी अट घालून तडजोड चालेल का?" मला माझ्या मुलाचा चेहरा दिसला. तरी मी हो म्हणालो, आणि मनीषाही त्याच वेळी हो म्हणाली. वकिलांनी तिथेच तडजोडपत्र लिहिलं, आम्ही सह्या केल्या. माझी वाट कागदावर आली, आक्कांचा झेंडू डंपरपासून वाचला. इतकी वर्षं जे होत नव्हतं ते एवढ्यात झालं.

बाहेर व्हरांड्यात मनीषा म्हणाली, "सर, एक सांगू? ही अट आमच्या वकिलांनी आईला लय आधी सुचवली होती. मी म्हटलं, मग मिटव की. तर म्हणाली, मिटवलं तर सर घराबाहेर कशाला पडतील?"

हीच अट माझ्या वकिलांनीही मला केव्हाच सांगितली होती. आक्कांना विचारून बघतो म्हणालो होतो... आणि कधीच विचारलं नाही. जन्मभर शेतात राबलेल्या बाईला तारखेच्या निमित्ताने तेवढंच शहर बघायला मिळतं, बरोबर चार गप्पा होतात, ते आपण का मोडावं, असा माझा हिशेब. म्हणजे मी आक्कांना सोबत करतोय या समजात होतो!

हे मी मनीषाला सांगितलं. ती हसायला लागली, मीही. हसता हसता तिला रडू फुटलं आणि मग मलाही आवरेना. व्हरांड्यातले लोक बघायला लागले. आतून शिपाई बाहेर आला. बिचारा समजुतीनेच म्हणाला, "बाबा, तुमचं प्रकरण निकाली निघालं ना? मग जा की आता घरी."