मित्सुएनं सासऱ्याचं नाक कसं झाकलं

आमच्या ओई नदीच्या खोऱ्यात तोकुजिरो सुगियामांच्या नाकाला मान होता. डोळे मिटून चहाचं पान हुंगायचे आणि ते कोणत्या उतारावरचं, सकाळी खुडलेलं की दुपारी, हे सांगायचे. शहरातला व्यापारी माल घ्यायला आला की आधी त्यांच्या ओसरीवर बसायचा. मी त्यांची शेजारीण. माझा मळा त्यांच्या मळ्याला लागूनच, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

अडुसष्टाव्या वर्षी, ऐन थंडीत त्यांना ताप आला. पंधरा दिवसांनी उठले ते बरे होऊनच, असं आम्हाला वाटलं. पण वसंतातली पहिली खुडणी झाली, पान वाफवणं सुरू झालं, सगळं खोरं त्या वासानं भरून गेलं, आणि तोकुजिरोकाका मात्र भिंतीकडे बघत बसून राहिले. पुढच्या आठवड्यात व्यापारी आला. बुरशी धरलेल्या पोत्यातलं पान त्यानं मुद्दाम की चुकून पुढे केलं, देव जाणे. काकांनी हुंगलं आणि म्हणाले, "चांगलं आहे." व्यापाऱ्यानं हसू दाबलं. त्यानंतर तो त्यांच्या ओसरीवर थांबेनासा झाला. म्हातारा आता थकला, असं गाव म्हणू लागलं.

खरं काय ते फक्त त्यांच्या सुनेला, मित्सुएला कळलं. तिचा नवरा यासुओ हामामात्सूला कारखान्यात होता, शनिवारी यायचा. घरात ही, सासरा आणि पाच वर्षांची चिए. एका संध्याकाळी शेगडीवर मासा ठेवून मित्सुए चिएला आंघोळ घालायला गेली. परत आली तर मासा जळून कोळसा झालेला, आणि हातभर अंतरावर काका निवांत वर्तमानपत्र वाचत बसलेले. तिनं आवाज न करता मासा उचलला, दुसरा भाजून त्यांना वाढला आणि जळका स्वतः खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मळ्यात तण काढताना तिनं मला सांगितलं. मी म्हटलं, "अगं, मग बोल ना त्यांच्याशी. डॉक्टरला दाखव."

"डॉक्टरकडे ते गुपचूप जाऊन आलेत, तामेताई. चिठ्ठी सापडली मला. आता मी बोलले तर त्यांना माझ्यासमोर बसून जेवता यायचं नाही."

त्या वर्षी शरदात तिनं काकांपुढे एक टोपली ठेवली. जाड पानं आणि देठ, जे व्यापारी घेत नाही आणि घरोघरी आपल्यापुरतं भाजून पितात.

"मामंजी, मला हे भाजायला शिकवा. रस्त्याकडेच्या खोलीत दुकान काढू म्हणते. आपल्या नावानं."

"भाजलेला चहा? तो घरचा, मजुरांचा चहा. विकत कोण घेणार?"

"आजवर आपलं पान दुसऱ्याच्या नावानं विकलं गेलं. ते कोण पितं, हे तरी आपल्याला कुठे ठाऊक आहे?"

काकांनी एक देठ उचलून परत टोपलीत टाकला. मग म्हणाले, "माझ्याकडून शिकण्यासारखं आता काही राहिलं नाही."

"हात आहेत की तुमचे. कान आहेत."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत आहे हे त्यांना तेव्हाच उमगलं असावं. काका उठले आणि मित्सुएच्या सासूच्या वेळची लोखंडी कढई माळ्यावरून काढून घेऊन आले.

त्या दिवसांत मी रोज काहीतरी निमित्त काढून तिथे जायची. काका कढईकडे पाठ करून बसत आणि ऐकत. "हलव. अजून ओला आवाज येतोय. आता कोरडा झाला. आच कमी कर." एक देठ चिमटीत धरून मोडत, आणि कसा तुटतो त्यावरून पुढचं सांगत. सुरुवातीचे कितीतरी घाणे जळाले. मित्सुएचे हात पोळले. आणि मग एका दुपारी काकांनी खाली मान घालून विचारलं,

"वास कसा येतोय, सांगशील?"

मित्सुएचा हात क्षणभर थांबला. "उन्हात वाळत घातलेल्या गादीसारखा."

"म्हणजे अजून वेळ आहे. आता?"

"भाताच्या पेंढ्यासारखा."

"आता?"

तिनं कढईवर वाकून वास घेतला. "चिए उन्हात खेळून आली की तिच्या डोक्याला येतो ना, तसा."

"उतर खाली," काका म्हणाले. आणि नाक नव्हे, डोळे पुसले.

दुकानाला निळ्या कापडाचा पडदा लावला. पहिले तीन दिवस कुणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी बसचा ड्रायव्हर आत डोकावून म्हणाला, "वहिनी, तुमचा वास माझ्या गाडीत शिरतो. लोक विचारतात कसला, मी काय सांगू?" त्याला एक कप दिला, तो दोन पुड्या घेऊन गेला. त्याच्या तोंडून गोष्ट वर डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्याकाठच्या धर्मशाळेत पोचली आणि तिथून पहिली मोठी मागणी आली.

नेमकी तेव्हाच मित्सुएला सडकून सर्दी झाली. तिला कसलाच वास येईना. ती रडकुंडीला आली.

"नाही म्हणून कळवू, मामंजी."

"सर्दी झालेय ना, मग झोप जा," काका म्हणाले. "मी गेलं वर्षभर असाच आहे, आणि चालतोय."

मी मदतीला उभी होते, पण त्यांनी मला एकदाही वास विचारला नाही. कानानं आणि बोटांनी सगळा माल त्यांनी एकट्यानं भाजला. आठवड्यानं धर्मशाळेच्या आचाऱ्याचा निरोप आला की चहा जरा गडद होता, पण पाहुण्यांना तोच आवडला, यापुढे तसाच पाठवा. मित्सुए हसत सांगायला गेली, तर काका म्हणाले, "थोडा जास्तच झाला होता. तो तुझ्या सर्दीचा घाणा, त्याला वेगळं नाव दे."

पुढच्या उन्हाळ्यात जुना व्यापारी परत आला. दुकानात चार गिऱ्हाईकं बसलेली. त्यानं मूठभर पान काकांपुढे धरलं. काकांनी ते हातातही घेतलं नाही. "माझं नाक गेलंय," ते सगळ्यांसमोर सरळ म्हणाले. "सुनेला विचारा. या घरात आता तिचं चालतं." मित्सुएनं हातातला ट्रे खाली ठेवला, पान घेतलं, हुंगलं आणि शांतपणे म्हणाली, "दुपारचं आहे. दोन दिवस पोत्यात राहिलंय." व्यापाऱ्यानं मान खाली घातली.

दोन वर्षांनी यासुओनं कारखाना सोडला. त्याला भाजणं काही जमलं नाही, तो पुड्या बांधतो आणि पोचवतो. काका आणखी नऊ वर्षं जगले आणि खुडणीच्या ऐन गडबडीत गेले. त्या दिवशी आम्ही कोणीच पान खुडलं नाही. एक दिवस उशिरा खुडलेलं पान जाड होतं, पण त्या वर्षी कुणाची तक्रार नव्हती.

आता दुकान चिए बघते. तिचा नवरा शाळामास्तर, सुट्टीत हौसेनं कढईशी बसतो आणि हमखास बोलत बसतो. मित्सुए आतून ओरडते, "जावईबापू, गप्प राहा, काही ऐकू येत नाहीये." मी ओसरीवर बसून चहा पिते. गुडघे दुखतात, त्यामुळे लवकर उठत नाही.