सही नसलेला फॉर्म

त्रेपन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो, आणि तेही हौसेनं नव्हे. लातूरच्या ज्या कोचिंग क्लासचा मी जनरल मॅनेजर होतो, त्याच्या संचालकांना मॅनेजमेंट कॉलेज काढायचं होतं. कॉलेजच्या प्रमुखाच्या खुर्चीला पीएच.डी. लागते. "तुम्ही करून टाका सर, तुमाला काय अवघड हाय?" असं ते सहज म्हणाले. ते मूळचे फिजिक्सचे मास्तर, त्यांना जगातली कुठलीही गोष्ट दोन वर्षांच्या बॅचमध्ये बसणारी वाटायची. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी पुण्याहून कुणीतरी टायवाला आणून त्या खुर्चीत बसवला असता, आणि उरलेली नोकरी मला त्याच्या हो ला हो करत काढावी लागली असती. तेव्हा मी हो म्हणालो.

विद्यापीठ नांदेडला. दर शनिवारी सकाळची एसटी धरायची, अहमदपूरला उतरून चहा घ्यायचा, लोह्यापर्यंत पेंगायचं आणि नांदेडला पोचेपर्यंत कंबरेचं काय ते होऊन जायचं. कोर्सवर्कच्या वर्गात माझ्या शेजारी बसणारी पोरं माझ्या मुलीच्या वयाची. हजेरी घेणारा कारकून मला पहिल्या दिवशी म्हणाला, "पालकांनी बाहेर बसायचं काका." घरी बायकोला सांगितलं, तर ती दोन दिवस हसत होती.

माझे गाईड माझ्याहून अकरा वर्षांनी लहान होते. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला सर म्हणायचे, आणि कोण कोणाला शिकवतंय हे दोघांनाही नीट ठाऊक नव्हतं. भला माणूस. त्यांच्या हाताखाली आम्ही आठ जण होतो आणि आठही जण शनिवारीच उगवायचो. विषय त्यांनीच सुचवला: खासगी शिकवणी संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांचं समाधान आणि वरिष्ठांशी त्यांचा संवाद. "तुमच्या हाताशीच आहेत ना माणसं," ते म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं. शेसव्वाशे माणसं माझ्या हाताशीच होती.

माणसं सांभाळण्यात मला गती आहे, असा माझा समज त्र्याण्णवच्या भूकंपापासूनचा. तेव्हा मी लातूरच्या एका तेलमिलमध्ये ऑफिसर होतो. मालकांनी गोदाम आणि दोन ट्रक मदतीसाठी मोकळे केले आणि सगळं माझ्या गळ्यात टाकलं. पंधरा दिवस मी घोंगड्या, पातेली, धान्य गावोगाव वाटलं. गर्दी झाली, पण माझ्या रांगेत कधी धक्काबुक्की झाली नाही. हे मी पुढं प्रत्येक मुलाखतीत सांगत आलो. प्रबंधाच्या प्रस्तावनेतही मी ते घातलं, चांगलं पाऊण पान.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी प्रश्नावली छापून घेतली. चाळीस विधानं, प्रत्येकासमोर पाच चौकटी, 'पूर्णतः सहमत' पासून 'पूर्णतः असहमत' पर्यंत. शेवटी मोकळ्या सूचनांसाठी चार ओळी. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं की माहिती गोपनीय राहील, नाव लिहू नये, सही करू नये. गठ्ठा मी हेडक्लार्कच्या हाती दिला, आणि तिथंच माती खाल्ली.

हेडक्लार्क जुना माणूस. साहेबाकडून आलेला कागद म्हणजे परिपत्रक, एवढंच त्याला माहीत. त्यानं त्यावर जावक क्रमांक टाकला, शिपायाबरोबर वाटला, पोच घेतली आणि 'आज पाच वाजेपर्यंत भरून द्यावे' असं फळ्यावर लिहिलं. पाच वाजता एकशे बारा फॉर्म आडनावांच्या क्रमानं लावून, फायलीत बांधून माझ्या टेबलावर आले. वरवर चाळले, त्या सगळ्यांवर नाव. सगळ्यांवर सही. चाळीसही विधानांना पूर्णतः सहमत. केमिस्ट्रीच्या मास्तरांनी सूचनांच्या ओळीत 'आपल्या कुशल मार्गदर्शनाबद्दल ऋणी आहे' असं लिहिलं होतं. झाडणाऱ्या तिन्ही मावश्यांचे फॉर्म एकाच अक्षरात होते, ते हेडक्लार्कचं होतं.

"अहो, नाव लिहायचं नाही असं छापलंय ना त्यावर?" मी विचारलं.

"हाव सर. पण नाव नसल्यावर कुणी भरला, कुणी न्हाई, कसं कळावं? उद्या तुमीच इचारताल."

पुन्हा छापायचं, पुन्हा वाटायचं, पुन्हा तेच होणार. वैताग आला होता मला सगळ्याचाच. मी गठ्ठा पुढं न चाळता पिशवीत टाकला आणि शनिवारी नांदेडला नेला.

पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा गाईडच्या खोलीत त्यांच्या एका विद्यार्थिनीनं आकडे संगणकावर भरून ठेवले होते. "डेटा फार सुंदर आलाय सर," गाईड म्हणाले. त्यांना काय ते कळलं असणारच, पण त्यांचाही तो दिवसातला पाचवा उमेदवार होता. मग त्यांनी गठ्ठ्यातून एक कागद काढून वेगळा ठेवला. "हा एकच जरा फटकून आहे. सही पण नाही यावर."

एकशे बारांत एकाच माणसानं सूचना वाचून पाळली होती. आणि त्याच फॉर्मवर जवळजवळ सगळ्या खुणा उजवीकडच्या शेवटच्या चौकटीत होत्या. 'वरिष्ठ माझी अडचण समजून घेतात' - पूर्णतः असहमत. खाली मोकळ्या ओळींत लिहिलं होतं: 'दरवर्षी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रजा मागते. सात वर्षांत एकदाही मिळाली नाही. कशाला पाहिजे हे कोणी विचारलं नाही.'

अक्षर मी लगेच ओळखलं. मुलींच्या हॉस्टेलच्या गेटवरचं रजिस्टर मी रोज तपासायचो, ते त्याच अक्षरात असायचं. आमच्या रेक्टर बाई. मला खरं सांगायचं तर आधी राग आला. भूकंपात घर गेलेली, औशाच्या पलीकडच्या एका गावची बाई म्हणून मीच तिला नोकरीवर घेतलं होतं. एवढं करून हे?

"ठेवू शकतो आपण," गाईड म्हणाले. "पण मग हा असा का आला, यावर विश्लेषणात दोन पानं लिहावी लागतील तुम्हाला. नाहीतर अपूर्ण फॉर्म म्हणून बाजूला काढू. तुम्ही ठरवा."

दोन पानं. मी तीन वर्षांत तीनशेच्या वर लिहिली होती. पण त्या दुपारी माझ्या अंगात दोन ओळी लिहायचंही त्राण नव्हतं, आणि त्यात राग. "काढा," मी म्हणालो.

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकलं आणि तेव्हा कुठं डोकं चालायला लागलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं कायम टेस्ट असायची. नियम माझाच. मिरवणुकीत पोरं दोन-दोन दिवस घालवतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तीन तासांची टेस्ट ठोकायची, म्हणजे आपसूक लवकर झोपतात. त्या दिवशी कुणालाच रजा नाही. आणि भूकंपाच्या वर्षी लोक विसर्जनाची मिरवणूक संपवून झोपले होते, पहाटे जमीन हलली. सगळं लातूर तो दिवस इंग्रजी तारखेनं पाळतं. ही बाई आपल्या माणसांचा दिवस तिथीनं धरत होती, आपल्याकडं धरतात तसा. तारीख दरवर्षी बदलायची, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. हे मी स्वतःला सांगितलं, पण ते काही खरं नाही. अर्जावर ती 'घरगुती कारण' लिहायची, आणि मी दरवर्षी तो नामंजूर करताना वर थट्टा करायचो, "काय बाई, नाचून पाय दुखायलेत का?" ती पदर सावरून हसायची.

सोमवारी गाईडना फोन करून तो फॉर्म परत मोजणीत घ्या म्हणता आलं असतं. मी केला नाही. बाईंना बोलावून चार शब्द बोलता आले असते. तेही केलं नाही. गोपनीय राहील असं लिहून दिलंय, आता ओळखलं असं दाखवणं बरोबर नाही, अशी मी मनाची समजूत घातली. नियमाआड लपायची सवय आम्हा मॅनेजर लोकांना चांगली असते. उन्हाळ्याआधी प्रबंध मरून रंगाच्या रेक्झिनमध्ये बांधून विद्यापीठात दिला. बायकोनं पेढे वाटले. मला नुसतं झोपावंसं वाटत होतं.

मग गणपती आले. यंदा तिचा अर्ज आला की वाचायच्या आधी सही करायची, असं मी ठरवून बसलो होतो. अर्ज आलाच नाही. विसर्जनाला दोन दिवस राहिले तरी नाही. तेव्हा मी मला मोठी शहाणपणाची वाटणारी गोष्ट केली. टेस्टच रद्द केली. कारण दिलं, हॉलची वायरिंग. मुलांना दिवसभर सुट्टी. म्हणजे कुणाचं नाव घ्यायला नको, गोपनीयता राहते आणि बाईंना मोकळं होता येतं. इतकी वर्षं व्यवस्थापन केल्याचा मला त्या संध्याकाळी जरा अभिमानही वाटला.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मी हॉस्टेलवर गेलो. ती गेली असेल असं धरून गेलो होतो. ती गेटवर खुर्ची टाकून बसली होती, आणि तिच्याभोवती पोरींचा गराडा. कुणाला गंजगोलाईच्या बाजारात जायचं, कुणाला मैत्रिणीच्या रूमवर, कुणाचा मामा भेटायला आलेला. प्रत्येकीची वेळ लिही, फोन लावून आईबापाला विचार, पास दे.

"बाई, आज तुम्ही इथं?" मी विचारलं.

"मग कुठं जाऊ सर? टेस्ट कुणी रद्द केली काय की. टेस्ट असली की पोरी तीन तास हॉलमधी बसत्यात, माझ्या जिवाला जरा शांतता. मी खोलीत दिवा लावून बसायची तेवढा येळ. औंदा तेवढंबी न्हाई."

सात वर्षं तिला मिळत होते ते तीन तासही मी काढून घेतले होते, तेही तिच्या भल्यासाठी. पोरी "मॅडम, मॅडम" करत होत्या. त्यांना मी नाश्त्याला पिटाळलं.

"बाई, तुम्ही गावाला जा. गेटवर मी बसतो." आणि मग ते तोंडातून निघालंच. "तुमचा फॉर्म मी वाचला होता."

"वाचायलाच दिलता सर," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. माझी गोपनीयता, माझी सगळी सबब, तिच्या लेखी नव्हतीच. तिनं रजिस्टर मिटलं. "पुस्तकात आलं का मग ते?"

खोटं बोलता आलं असतं. ते रेक्झिनचं पुस्तक ती कधी उघडणार नव्हती. "नाही," मी म्हणालो.

"का?"

"त्याच्यावर दोन पानं जास्त लिहावी लागली असती. मी दमलो होतो बाई."

तिच्या नजरेची मला फार लाज वाटली. मग तिनं किल्ल्या माझ्या हातात दिल्या, खोलीतून पिशवी आणली, चपला पायात सरकवल्या. दहाची गाडी मिळेल म्हणाली. फाटकाबाहेर एक पाऊल टाकलं तेव्हा मी तिला हाक मारली. का मारली ते आजही नीट सांगता येत नाही.

"बाई, घरात कोण कोण होतं?"

ती थांबली. परत आत आली, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीवर बसली आणि सांगायला लागली. आधी पोरीचं सांगितलं, चार वर्षांची होती. मग नवऱ्याचं, मग सासूचं. दहाची गाडी गेली, अकराचीही गेली, तरी ती सांगतच होती.