बाबांच्या गळ्याचा दुसरा कौल

माझ्या बाबांचा आवाज ही आमच्या गावाची सार्वजनिक मालमत्ता आहे. आचऱ्याच्या अलीकडे, खाडीला लागून आमचं गाव. देवळात काहीही कार्य निघालं की बाबा उभे राहतात आणि सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात. कुणाची म्हैस हरवलेली असते, कुणाच्या मुलीचं लग्न अडलेलं असतं. ते देवाच्या कानावर घालायचं काम बाबांचं, आणि प्रत्येक वाक्यानंतर 'होय म्हाराजा' म्हणायचं काम बाकीच्यांचं. लहानपणी माझी खात्रीच होती की आमचा देव थोडा बहिरा असणार. नाहीतर एवढं ओरडायचं कशाला?

हा आवाज दिवाळीनंतर बसला. आधी सर्दीने बसला असं ठरलं, मग थंडीने, मग काजूच्या मोहोराने. आई खुशीत होती. "पन्नास वर्सांत पयल्यांदा घरात शांती आसा," ती म्हणाली, "रवांदे थोडे दिवस." शिमगा झाल्यावर मात्र तिनेच मला सासरी, जामसंड्याला फोन केला. "तेंका डॉक्टराकडे घेवन जा गो. माका आता ह्या शांतीचा भ्या वाटता."

मी त्यांना घाटावर घेऊन गेले. गळ्यातला तुकडा काढून तपासायला पाठवला, स्कॅन झाला. डॉक्टर सज्जन माणूस. निदान सांगण्याआधी त्यांनी चष्मा दोनदा पुसला. स्वरयंत्राचा कॅन्सर आहे, ते म्हणाले. नुसता आतल्या आत नाही, बाजूची कूर्चाही, म्हणजे स्वरयंत्राभोवतीचं लवचीक कवच, त्याने खाल्ल्यासारखी स्कॅनमध्ये दिसते. तेव्हा स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वास मग गळ्याला ठेवलेल्या भोकातून घ्यायचा. जीव वाचेल.

"आणि आवाज?" मी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा तिसऱ्यांदा पुसला.

आम्ही घाट उतरलो. मी म्हटलं, आणखी एका डॉक्टरना दाखवूया. तर त्या फाटक्या आवाजात ते माझ्यावर उखडले. "एकाचो शब्द घेतलो आणि लगेच दुसऱ्याच्या दारात जावचा? ह्या बरा दिसता? तो माणूस काय खोटा बोलता?"

आमच्याकडे ही मोठी अडचण आहे. दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे पहिल्याच्या ताटातून उठून शेजाऱ्याच्या पंगतीला बसणं. बाबांना मरण चाललं असतं, हा उद्धटपणा चालला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पडवीत चहा घेत होते, तेव्हा मी माझा हुकमी पत्ता काढला. आमच्याकडे देवाला कौल लावतात. ओल्या कळ्या मूर्तीला चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. तो प्रश्न विचारणारेही बाबाच.

"बाबानू," मी म्हटलं, "शाळेच्या विहिरीचो कौल आठवता? डावो पडलेलो."

"मगे?"

"मगे तुमी उठून घराक इल्यात?"

"कशाक येतलंय? परत इचारलंय." त्यांना राग आला. "जागा वायट काय दिवस वायट, असा इचारलंय. दिवस वायट निघालो. पुढच्या सोमवारी खणली, पाणी लागला."

"म्हणजे पयल्यांदा देव खोटा बोललेलो?"

बाबांनी कप खाली ठेवला.

"देव कशाक खोटा बोलतलो? माझा इचारणा कच्चा होता."

आणि उरलेला चहा संपवून: "फाइल खंय आसा?"

मी घाटावरच्या डॉक्टरना फोन लावला. तपासलेल्या काचपट्ट्या हव्यात, तुकडा ज्या मेणात बसवलाय ती वडी हवी, स्कॅनची सीडी हवी, कशासाठी ते मी गोल गोल सांगत राहिले. ते म्हणाले, "दुसरीकडे दाखवायचंय ना? जरूर दाखवा. माझ्या वडिलांना मीही दाखवलं असतं." वर स्वतःच्या हाताने पत्रही लिहून दिलं. मी ज्या अपमानाला घाबरत होते, तो त्यांच्या हिशेबीच नव्हता.

गोव्याला दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना बाबांनी ती मेणाची वडी मांडीवर धरली होती. आईने ती धुतलेल्या फडक्यात बांधून दिली होती. स्वतःच्या गळ्याचा तुकडा मांडीवर घेऊन प्रवास करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

गोव्यातली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने बाबांच्या नाकातून बारीक दुर्बीण आत सरकवली आणि समोरचा पडदा उजळला. मी इतकी वर्षं त्या आवाजाखाली वाढले, पण तो राहतो कुठे ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ओली, गुलाबी गुहा. तळाशी दोन फिक्या पट्ट्या, बोटाच्या पेराहूनही लहान. एकीवर, खडकाला कालव चिकटावं तसं, काहीतरी खरबरीत चिकटलेलं.

"ई म्हणा," डॉक्टर म्हणाली. पट्ट्या जवळ आल्या, थरथरल्या. "आता जरा मोठ्याने बोला. नेहमी बोलता तसं, काहीही."

काहीही म्हणजे काय, हे आमच्या बाबांना विचारायची गरजच नव्हती. नाकात दुर्बीण, डोळ्यांत पाणी, अशा अवस्थेत त्यांनी दोन्ही हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज जी काय तुझी लेकरां हयसर जमली आसत, तेंच्या वाटेत जर काय वाकडा असात, तर ता सरळ कर म्हाराजा!"

आवाज कसला, वाळकं झावळ अंगणातून ओढत नेल्यासारखा. पण दार अर्धं उघडं होतं, आणि बाहेर बाकड्यांवर सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, सगळीकडची माणसं आपापल्या फायली घेऊन बसलेली. आणि बाहेरून, एका सुरात, उत्तर आलं:

"होय म्हाराजा!"

नर्सच्या हातातला ट्रे वाजला. डॉक्टरने दचकून माझ्याकडे पाहिलं. मी मात्र पडद्याकडे बघत होते. 'म्हाराजा' म्हणताना त्या दोन पट्ट्या एकमेकींवर अशा वेगाने थडथडत होत्या की त्यांच्या कडा दिसेनाशा झाल्या. एवढाच तो ऐवज. एवढ्यावर साठ वर्षं देवाला जागं ठेवलं, तीन गावांची भांडणं मिटवली, आम्हां भावंडांना माडावरून खाली उतरवलं. मला हसू येत होतं.

"हलतेय," डॉक्टर स्वतःशीच म्हणाली. "आजारी बाजूसुद्धा नीट हलतेय. खोल रुतलं असतं तर बहुधा अडली असती."

दुर्बीण बाहेर आल्यावर बाबांनी नाक पुसलं. आता ते विचारणार, ऑपरेशन करायचं की नाही, असं मला वाटलं. डॉक्टरलाही तेच वाटलं असावं, कारण ती उत्तराच्या तयारीत बसली. पण डावा कौल आल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नसतो. बाबा सरळ बसले आणि त्यांनी शाळेतल्या शुद्ध मराठीत विचारलं, "पहिल्या डॉक्टरांना नेमकं काय दिसलं म्हणून ते तसं म्हणाले? ते मला दाखवता का?"

डॉक्टरने खुर्ची पडद्याकडे वळवली. मग तिने सीडी लावली आणि करड्या चित्रातल्या काळ्या डागांवर बोट ठेवलं. "हे बघा. इथे कूर्चा खाल्ल्यासारखी वाटते." पुढे काही बोलणार, तर तिचं बोट तिथेच थांबलं. तिने चित्र मागेपुढे केलं. मग फोन उचलून स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरना बोलावलं.

ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ चहाचा कप घेऊनच आले. बराच वेळ बघितल्यावर बाबांना म्हणाले, "वय वाढतं तशी गळ्यातली कूर्चा हळूहळू हाडाची होत जाते. पण सगळी एकदम नाही. काही जागी हाड होतं, काही जागा तशाच राहतात. त्या राहिलेल्या जागा अशाच काळ्या दिसतात. हा आजाराने खाल्लेला भाग असेल, किंवा तुमच्या वयाने अजून न भरलेला. ह्या चित्रावरून कुणालाच ठाम सांगता येणार नाही. वेगळ्या प्रकारचा स्कॅन करू."

ओहोटीला पुळणीच्या वाळूवरचं पाणी असंच सरकतं, कुठे आधी, कुठे मागाहून, मध्येच डबकी ठेवून. शहात्तर वर्षांच्या माणसाच्या गळ्यात असं काही चाललेलं असतं, आणि त्याला त्याची खबरही नसते. मी बाबांच्या गळ्याकडे बघितलं. दाढीचे खुंट, सैल कातडी. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

चार दिवस आम्ही म्हापशाला मावसबहिणीकडे काढले. बाबांनी त्या चार दिवसांत कुणाशी एक अक्षर काढलं नाही, आणि गप्प बसलेले बाबा कसे दिसतात ते आम्हाला आयुष्यभर पुरेल एवढं बघायला मिळालं. आईने फोनवर विचारलं, "काय करतत?" मी म्हटलं, "आवाज जपून ठेवतत."

पाचव्या दिवशी डॉक्टरने सांगितलं. कॅन्सर आहे, काचपट्ट्या पुन्हा वाचल्या, त्यात शंका नाही. पण नव्या स्कॅनमध्ये कूर्चा शाबूत आहे. नुसत्या किरणांच्या उपचारांनी भागण्याची चांगली शक्यता आहे, सहा-सात आठवडे. आवाज होता तसाच राहील असं वचन ती देणार नाही. आणि नाहीच जमलं, तर ऑपरेशनचा रस्ता आहेच. मी घाटावरच्या डॉक्टरना कळवलं. ते आधी "वा!" म्हणाले, आणि मग म्हणाले, "तो नवीन स्कॅन मला पाठवाल? बघायचाय." त्यांचा आवाज एखाद्या विद्यार्थ्यासारखा येत होता.

किरणांनी बाबांचा गळा आतून भाजून निघाला. चौथ्या आठवड्यात आवाज पूर्ण गेला. ते पेज पीत आणि पाटीवर लिहून आईशी भांडत, आणि आई, जिला अक्षरं वाचायला चष्मा लागतो, मुद्दाम चष्मा लावत नसे. उपचार संपले, पावसाळा गेला, दोन तपासण्या स्वच्छ आल्या. आवाज कुजबुजीएवढा परतला आणि तिथेच अडून बसला. एवढाच राहणार, असं आम्ही मनात धरून टाकलं.

परवा मी माहेरी होते. दुपारी स्वयंपाकघरात आईबरोबर नारळ खवत बसले होते. बाबा पडवीत. बाहेर मासेवाली रस्त्याने निघाली होती, आमचं बेडं, कुंपणाचं फाटक, ओलांडून पार वळणापर्यंत गेलेली. आणि पडवीतून आवाज आला, घोगरा, कडा झिजलेला, पण भरलेला:

"गो! बांगडे आसत काय?"

आईचा हात खवणीवर थांबला. आम्ही दोघींनी बाहेर कान लावले. खरा प्रश्न हा होता की ती मासेवाली वळते की नाही.

मग लांबून, वैतागलेलं उत्तर आलं, "आसत, आसत! इतक्या मोठ्यान कशाक वरडतास? मी काय भयरी आसय?"