शेपटीचा कंगवा

माझे केस तिने हाताने उचललेच नाहीत. कंगव्याच्या शेपटीने उचलले. भांग पाडायचा लांब दांडीचा कंगवा असतो ना, त्याच्या टोकाने. उकिरड्यातली चिंधी काठीने उलटवून बघतात, तसे.

कुवेतमधल्या सालमिया भागातलं बायकांचं सलून. संध्याकाळची वेळ, सगळ्या खुर्च्या भरलेल्या. मला मधल्या खुर्चीत बसवलेलं. एरवी त्या खुर्चीत टेकायचीसुद्धा मला परवानगी नव्हती. त्या दिवशी मान मिळाला.

"बघा," मालकीण म्हणाली. आधी इंग्रजीत, मग मोडक्या अरबीत. शेवटी खास माझ्यासाठी मराठीत. "तुमच्या वाडीत सगळ्यांनाच असतं का गं हे?"

माझ्या मानेवर गजकर्ण होतं. गोल, रुपयाएवढं, कडेने लाल. मनगटांवरही उठलेलं. समोरच्या आरशात सगळ्या बायका माझ्या मानेकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे.

आणि मी काय म्हणाले असेन?

"सॉरी मॅडम."

अजून हसू येतं मला त्या बावळटीचं. तिशी ओलांडलेली घोडी, दोन लेकरांची आई. मान हिची, खाज हिची, आणि सॉरीही हिचीच.

आमची मालकीण मूळची पुण्याची. नवरा तेल कंपनीत इंजिनियर. सलूनचं लायसन एका कुवेती माणसाच्या नावावर, कारभार सगळा हिचा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सगळे तिला वहिनी म्हणायचे. मीही तिथे वहिनीच म्हणायचे. सलूनमध्ये मात्र मॅडम. मी खेडकडची, बौद्धवाडीतली. नवरा वारला तेव्हा पोरं आईच्या पदरात टाकली आणि पार्लरचा कोर्स केला. कुवेतमधली लढाई संपून दुकानं पुन्हा उघडायला लागली होती, तेव्हा एजंटने मला इथे पाठवलं. पासपोर्ट वहिनीच्या कपाटात.

आल्या आल्या पांढरा कोट घालून मी फोटो काढला आणि आईला धाडला. आईने तो वाडीभर फिरवला. लोकांना वाटलं, पोरगी डॉक्टरीण झाली. मी काही खुलासा केला नाही. कोट इतका छान बसला होता, खुलासा कशाला करायचा?

तर हे गजकर्ण आलं कुठून, ते ऐका.

उम्म खालिद नावाची एक गिऱ्हाईक होती. मोठ्या घरची कुवेती बाई. कडेवर मांजर घेऊन यायची. पांढरंशुभ्र, चपट्या नाकाचं, लोकरीच्या गुंड्यासारखं. तिला दर वेळी हमाम झेत लागायचं, म्हणजे डोक्याला गरम तेलाची मालिश आणि वर वाफ. एकदा तेल लावायला मी केस बाजूला केले, तर कानामागे गोल चट्टा. तिथले केस तुटलेले, वर कोंड्यासारखी पापडी. ओळखायला काही शिकावं लागत नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही गजकर्ण कळतं. कुणाला उठलं की आई टाकळ्याचा पाला लिंबाच्या रसात वाटून चोपडायची आणि बरं होईपर्यंत त्याच्या कंगव्याला दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही.

मी पडद्यामागे जाऊन वहिनीला सांगितलं, "त्यांना गजकर्ण आहे. आज तेल नको. आधी डॉक्टरला दाखवायला सांगा."

"डॉक्टर तू आहेस का?"

"नाही, म्हणूनच सांगते ना."

"फार बोलायला लागलीस. जा, हात लाव."

"हातमोजे तरी घालते."

"आणि तिला काय वाटेल? आपण तिला घाण समजतो असं?"

तर तिला वाईट वाटू नये म्हणून मी उघड्या हातांनी तेल चोळलं. तोच कंगवा पुढच्या बाईला, तोच त्याच्या पुढच्या बाईला. पुढे काय होणार ते झालं. एका नवरीच्या मावशीला उठलं. मला उठलं. मावशी भांडायला आली, तेव्हा वहिनीला दाखवायला कुणीतरी हवं होतं. मान माझी होतीच तयार.

त्या दिवसापासून माझा चहाचा ग्लास वेगळा झाला. स्टीलचा. वहिनीने त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा टिपका लावला आणि तो खिडकीत ठेवला. टिपका अगदी सुबक. कामाची हौसच तिला. मी मनाशी म्हटलं, बरोबर आहे, लागणारा रोग आहे, काळजी घ्यायला हवी. बघा, किती शहाणी होते मी! माझ्या अपमानाची कारणं मीच शोधून मॅडमला पुरवत होते.

सरकारी दवाखान्यात गेले. मिसरची, म्हणजे इजिप्तची डॉक्टरीण होती. मनगट बघून म्हणाली, "घरात मांजर आहे?"

"घरच नाही, मांजर कुठलं?" मी म्हटलं. "सलूनमध्ये काम करते."

"मग मांजरवालीच्या डोक्याला हात लावलास?"

मला उम्म खालिदच्या कडेवरचा गुंडा आठवला. मी धावत सलूनमध्ये आले. मोठ्या आनंदात. वाटलं, सुटले! माझी वाडी सुटली. वहिनीला सांगितलं, "मांजराचं आहे ते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मांजरापासून येतं."

वहिनी नखांना फाइल करत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, ते पर्शियन मांजर आहे. एसीत राहतं."

मांजराचीही जात असते, हे मला तिथे कळलं.

मलम लावून मी बरी झाले. मान स्वच्छ, मनगटं स्वच्छ. डॉक्टरीण म्हणाली, आता काही नाही, बिनधास्त काम कर. मग मी चहा केला आणि सगळ्यांच्या कपांतला एक कप घेतला. वहिनीने माझ्या हातातून कप काढला. चहा सिंकमध्ये ओतला. कप विसळला. दोनदा.

"तुझा ग्लास कुठे गेला?"

"बरं झालंय मॅडम. डॉक्टरने सांगितलं."

"असू दे गं. वेगळाच बरा."

आवाज चढवला नाही. शिवी नाही. असू दे गं. लाडाने म्हणावं तसं.

गजकर्ण गेलं होतं आणि टिपका राहिला होता.

मी तो ग्लास उलटा धरून बघत बसले. तेव्हा कुठे माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. हा ग्लास मांजर यायच्या आधीपासून माझाच होता. तिला फक्त निमित्त हवं होतं. सॉरी म्हणणारी जी होती ना, पांढऱ्या कोटातली, ती त्या दिवशी मेली. मी काही रडले नाही तिच्यासाठी.

पुढे उम्म खालिद पुन्हा आली. चट्टा आता पसरलेला, मानेपर्यंत उतरलेला. वहिनी दारातूनच गोड हसली आणि मला म्हणाली, "चल, तेल गरम कर."

"नाही."

"काय?"

"हात लावणार नाही. आधी डॉक्टर."

सगळ्या खुर्च्यांवरच्या माना वळल्या. वहिनी जवळ आली आणि मराठीत दात ओठ खात म्हणाली, "तिकीट काढून गावाला पाठवीन."

"पाठवा."

पोरांच्या शाळा डोळ्यांसमोर होत्या. पण तोंड थांबेना. मी सरळ उम्म खालिदसमोर गेले. अरबी मला कामापुरतीच यायची. हाताने माझी मान दाखवली, मग तिची, मग तिच्या मांजराकडे बोट केलं. म्हटलं, "रूही दख्तर." डॉक्टरकडे जा.

त्या बाईने आरशात मान वळवून चट्टा बघितला. मग तिने काळा अबाया अंगावर चढवला, मांजर उचललं आणि दारात थांबून वहिनीला विचारलं, "तू मला का नाही सांगितलंस?"

वहिनीचं गिऱ्हाईक गेलं. माझी नोकरी गेली.

तिकिटाचा खर्च कोण करणार? वहिनीला मी फक्त नजरेसमोर नको होते. "हिची पीडा जाऊ दे," म्हणत तिने दुसरीकडे काम करायचा रिलीज दिला. एवढ्या बायका रिलीजसाठी पाया पडतात. मला किळसेपोटी मिळाला. जाताना मी तो टिपक्याचा ग्लास पिशवीत घातला. चोरी म्हणा हवं तर.

कुवेतमधल्याच अब्बासिया भागात दापोलीकडच्या एक मुसलमान बाई होत्या, सगळ्या त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या. त्यांचं छोटं पार्लर. येणाऱ्या बायका आपल्याच, नर्सा, शिक्षिका, दुकानदारांच्या बायका. खालांनी मला ठेवलं. पुढे त्यांचे गुडघे गेले, तेव्हा पार्लर माझ्याच हातात आलं. मी मुलींना एकच शिस्त लावली. गिऱ्हाईक बसलं की आधी बघायचं. मान, कानामागे, नखं, पाऊल. न भरणारी जखम दिसली, पू दिसला, चट्टा दिसला, तर हात मागे. सरळ सांगायचं, हे आपलं काम नाही. दवाखान्याचा रस्ता दाखवायचा. आणि हळू आवाजात सांगायचं, आत पडद्यामागे नेऊन. कुणाची मान चारचौघांत उघडी करायची नाही.

ही शिस्त मी फक्त एकदा मोडली.

वर्षं लोटली होती. गुरुवारची संध्याकाळ, उद्याची सुट्टी, पार्लर खचाखच. दार उघडलं आणि वहिनी आत आली. डोक्याला ओढणी, डोळ्यांवर काळा चष्मा. पोरीचा साखरपुडा होता. स्वतःच्या सलूनमधल्या मुलींना काही कळायला नको होतं, म्हणून अब्बासियाचे जिने चढली होती.

"अगं, तू! बरं झालं, ओळखीचीच निघालीस," ती म्हणाली. "मानेवर थोडं ॲलर्जीसारखं झालंय. फाउंडेशनने झाकून आंबाडा घालून दे. उद्या पाठमोरे फोटो निघणार."

आत पडद्यामागे खोली होती. मी नेलं नाही. बाहेर, मधल्या खुर्चीत बसवलं. कंगवा घेतला. शेपटीचा. हात लावला नाही. टोकाने एकेक बट उचलली, सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी.

गोल. कडेने लाल. माझ्यासारखंच. तसूभर फरक नाही.

"घरी मांजर आहे का?" मी मोठ्याने विचारलं.

"मुलीने आणलंय. तुला कसं कळलं?"

"पर्शियन?"

"हो."

"एसीत राहतं?"

आता तिचा चेहरा आरशात बदलला. ड्रायरखालची एक नर्स मान लांब करून बघायला लागली. मी म्हटलं, "हे गजकर्ण आहे, बाई. लागतं दुसऱ्यांना. मी हात लावणार नाही. रूही दख्तर."

ती उठली. ओढणी सावरायलाही विसरली. जिन्यावर तिच्या चपला बराच वेळ वाजत होत्या. मी तो कंगवा कचऱ्यात टाकला आणि एका मुलीला चहा टाकायला सांगितलं. इतका गोड चहा मी जन्मात प्यायले नव्हते.

माझी नात इथेच वाढली. तिला हे सांगितलं तर म्हणते, "आजी, दॅट वॉज सो मीन."

होतंच. मीन. मोजून मापून मीन. पण थांब, संपलं नाही.

लग्नाच्या आधी वहिनी परत आली. मान स्वच्छ झालेली. हातात मिठाईचा डबा. "डॉक्टरने पूर्ण बरं केलं गं. आता तरी करशील ना?"

मी मान नीट बघितली. खरंच काही नव्हतं. मग कपाटातून तो स्टीलचा ग्लास काढला, उलटा केला, तिच्यासमोर धरला. टिपका अर्धा उडालेला, पण होता.

"हा आठवतो?"

तिने बघितलं. खरंच बघितलं, नाटक नव्हतं. "कुठला गं हा?"

आठवतच नव्हतं तिला. ते ऐकून मला आधी हसू आलं, मग काही आलं नाही.

"आठवला की या," मी म्हटलं. "तोपर्यंत दुसरं पार्लर बघा." आणि डबा तिच्या हातात परत दिला.

नात म्हणते, "आजी, इतकी वर्षं झाली. फर्गिव्ह अँड फर्गेट."

विसरायचं काम वहिनीने केव्हाच उरकलंय. माफ करायचं उरलंय, ते मी करणार नाही. ग्लास कपाटात आहे. पोरी, मी गेल्यावर तो तुझ्याकडे येईल. टिपका घासून काढू नकोस.